ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये मिक्सिंगचे प्लगिन निवडताना

नोव्हेंबर लागला की प्लगिन (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची आवाजाची हत्यारं) विकणाऱ्या कंपन्यांच्या मेलनी इनबॉक्स भरून जातो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे. पण प्लगिनच्या बाजारात हा सेल एका दिवसाचा राहिलेला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो सुरू होतो, सायबर मंडेला (ब्लॅक फ्रायडेनंतरच्या सोमवारी) जोरात येतो आणि डिसेंबरमध्येही रेंगाळतो. घरच्या खोलीत भावगीतं, गणपतीची गाणी, पॉडकास्ट किंवा शॉर्ट फिल्मचा आवाज मिक्स करणाऱ्यांसाठी वर्षभरातली स्वस्त खरेदी याच काळात होते. नको ती खरेदीही याच काळात होते, आणि प्लगिन एकदा ॲक्टिव्हेट केला की बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत. म्हणून काय घ्यायचं हे सेल लागण्याआधी ठरलेलं असावं. सेलच्या दिवशी फक्त पैसे भरायचे.

यादी ऑक्टोबरमध्ये, स्वतःच्या मिक्समधून

शेवटची पाच मिक्स उघडा. प्रत्येक मिक्स एकदा सलग ऐका आणि जिथे अजूनही खटकतं तिथे वेळ लिहून ठेवा: २ मिनिटं १४ सेकंद, काय खटकलं. एका ओळीत, पूर्ण वाक्यात. 'चांगला कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा प्लगिन) हवा' असं लिहिलेलं पुढे काही कामाचं नाही. 'अंतऱ्यात गायिका वर गेली की पेटी तिच्या आवाजावर बसते. पेटीचा १ ते ३ किलोहर्ट्झ कापला तर मुखड्यात पेटी पोकळ वाटते' हे कामाचं आहे, कारण या वाक्यातच उत्तर दडलेलं आहे. कट कायमचा नको, गायिका गात असेल तेवढ्यापुरता हवा. म्हणजे गरज डायनॅमिक ईक्यूची (निवडलेली फ्रीक्वेन्सी लागेल तेव्हाच कापणाऱ्या प्लगिनची) आहे, तीही गायनाचा ट्रॅक साइडचेनला (कट कधी करायचा हे ठरवणाऱ्या इनपुटला) जोडता येईल अशाची.

अशी दहा-बारा वाक्यं जमली की त्यात पुन्हा पुन्हा येणारी कोणती ते पाहा. पाचपैकी तीन मिक्समध्ये तीच तक्रार असेल तर ती यादीत राहील. एकदाच आलेली तक्रार बहुधा रेकॉर्डिंगची असते. ढोलकीची खर्जाची बाजू घुमते, ती माइक जवळ आल्यामुळे आणि खोलीच्या कोपऱ्यामुळे. त्यावर शंभर डॉलर घालण्याआधी माइक एक वीत मागे घेऊन पाहावा.

प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे काम माझ्याकडे आहे त्यातून होतं का? इथे बहुतेकांची यादी निम्म्यावर येते. लॉजिक या डीएडब्ल्यूमधल्या (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या मुख्य सॉफ्टवेअरमधल्या) कॉम्प्रेसरमध्ये सात वेगवेगळी सर्किटं आहेत. त्यातलं व्हिंटेज फेट हे ११७६ या जुन्या कॉम्प्रेसर यंत्राच्या जातीचं, व्हिंटेज ऑप्टो हे एलए-२ए या दुसऱ्या जुन्या यंत्राच्या जातीचं. ज्यांच्याकडे लॉजिक आहे त्यांनी ११७६ची आणखी एक नक्कल घेण्याआधी हे सर्किट महिनाभर वापरावं. एबलटन या दुसऱ्या डीएडब्ल्यूमधला ग्लू कॉम्प्रेसर सायटॉमिक या नावाजलेल्या कंपनीच्या साथीने बनलेला आहे. रीपरचे रीईक्यू, रीकॉम्प दिसायला रुक्ष आहेत, पण कामाला पक्के. आणि रीपर सोडून दुसरं काही वापरणाऱ्या विंडोजवाल्यांनाही यातले बरेचसे रीप्लग्ज नावाने फुकट मिळतात.

त्यानंतर फुकट मिळणाऱ्यांची फेरी. टोकियो डॉन रेकॉर्ड्सचा टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू फुकट आहे. वरच्या पेटीचं काम त्यावर करून पाहा: पेटीच्या ट्रॅकवर नोव्हा, बाहेरून साइडचेन म्हणून गायन, २ किलोहर्ट्झच्या आसपास एक रुंद बँड, आणि गायिका गात असताना २ ते ३ डेसिबल उतरेल इतका थ्रेशोल्ड (कट सुरू होण्याची पातळी). पुष्कळदा एवढ्यावर भागतं आणि यादीतली एक ओळ कमी होते. त्यांचाच कोटेलनिकॉव्ह हा कॉम्प्रेसर मास्टरवर (संपूर्ण मिक्सवर) उत्तम चालतो. स्पेक्ट्रम पाहायला व्हॉक्सेंगोचा स्पॅन, लाउडनेस मोजायला युलीन लाउडनेस मीटर आणि मोठ्या पसरट रिव्हर्बला (मोठ्या जागेत घुमल्यासारख्या आवाजाला) वलहालाचा सुपरमॅसिव्ह. हे सगळे फुकट आहेत आणि रोजच्या कामात टिकणारे आहेत.

कशावर पैसे घालावेत

बारकाईने बोलायचं तर साधा ईक्यू (फ्रीक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करणारा) आवाजासाठी विकत घ्यायचा नसतो. एका डिजिटल ईक्यूवर काढलेली वक्ररेषा दुसऱ्यावर तंतोतंत जुळवली तर दोघांत ऐकू येईल असा फरक जवळजवळ उरत नाही. फॅबफिल्टर प्रो-क्यूसारख्या ईक्यूला पैसे मोजायचे ते हाताच्या वेगासाठी: आलेखात दिसणारी टोकं तिथेच पकडता येतात, कोणताही बँड डायनॅमिक करता येतो, मिड आणि साइड (स्टिरिओचा मधला आणि कडांचा भाग) वेगळे हाताळता येतात. दिवसाला चार मिक्स करणाऱ्याला हा वेग लाखमोलाचा आहे. महिन्याला एक गाणं करणाऱ्याला नाही.

रिव्हर्बवर मात्र पैसे घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. डीएडब्ल्यूसोबत येणाऱ्या रिव्हर्बची शेपटी लांब केली की अनेकदा धातूसारखी खणखणते, आणि संथ लयीच्या गाण्यात, जिथे दोन ओळींच्या मधे तंबोरा आणि रिव्हर्ब एवढंच उरतं, तिथे ते लपत नाही. रेकॉर्डिंगच्या दुरुस्तीच्या प्लगिनवरही घालावेत, विशेषतः पॉडकास्ट आणि मुलाखती करणाऱ्यांनी. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरचा हॉर्न साध्या ईक्यूने जात नाही. हे प्लगिन तपासताना एक गोष्ट कटाक्षाने करा: हम (विजेमुळे येणारी गुणगुण) काढायची मूळ फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवर आणा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे काही प्रीसेट (तयार सेटिंग) ६०, १२०, १८० असे कापतात. आपला हम ५०, १००, १५० असा चढतो. चुकीच्या प्रीसेटवर ऐकून 'हा प्लगिन काही कामाचा नाही' असा निष्कर्ष काढला जातो आणि दोष प्लगिनचा नसतोच.

तिसरी-चौथी ११७६, चौथं टेप मशीन, एकाच बटणात 'सगळं सुधारणारा' प्लगिन, हे यादीत आलेच तर सगळ्यांत खाली ठेवा.

सूट खरी की नुसता आकडा

'८० टक्के सूट' या शब्दांवरून काहीच कळत नाही. कंपनीची किंमत लावण्याची पद्धत कळली तर सगळं कळतं. ढोबळमानाने चार जाती आहेत.

काही कंपन्या सेल करतच नाहीत. वलहालाचे विकतचे प्लगिन वर्षानुवर्षं ५० डॉलरला आहेत. मे महिन्यात घ्या नाहीतर नोव्हेंबरात, तेच. यादीत वलहाला असेल तर सेलसाठी थांबू नका आणि सेलच्या बजेटमध्येही त्याला बसवू नका.

काही कंपन्या वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, मोजकीच सूट देतात. फॅबफिल्टरची नोव्हेंबरमधली सूट साधारण २५ टक्क्यांच्या घरात असते. आकडा लहान दिसतो, पण तो खरा असतो. अशांची वाट पाहणं फायद्याचं आहे.

तिसरी जात कायम सेलवाली. वेव्ज, प्लगिन अलायन्स यांच्याकडे पूर्ण किमतीला क्वचितच कोणी काही विकत घेत असेल. कंपनीने दाखवलेली मूळ किंमत २०० डॉलरच्या वर आणि विक्री ३० डॉलरच्या आसपास, हे वर्षभर चालू असतं. इथे मोजायची किंमत म्हणजे मागच्या वर्षभरातली सर्वांत कमी. ती शोधायला सोपा उपाय आहे: त्या प्लगिनच्या पानाचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका आणि मागच्या मार्च, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरच्या नोंदी उघडा. चार नोंदींत २९ डॉलर दिसले तर आज '२९ डॉलर, फक्त आज' यात घाई करण्यासारखं काही नाही. पान सापडलं नाही तर प्लगिन बुटीकसारख्या दुकानाचं त्याच प्लगिनचं पान तपासा.

चौथी जात पाळीपाळीने सूट देणारी. मेल्डाप्रॉडक्शन दर आठवड्याला आपल्या मोठ्या यादीतले मोजके प्लगिन निम्म्या किमतीला काढतं. त्यांच्याकडे हवा तो प्लगिन वर्षात कधीतरी येतोच, थांबायची तयारी हवी.

बंडलचा हिशेब वेगळा करावा लागतो. समजा १९९ डॉलरला १४ प्लगिनचं बंडल आहे. एकेकाचा भाव साधारण १४ डॉलर पडतो हे खरं, पण तो हिशेब कामाचा नाही. तुमच्या यादीतले त्यात किती? दोन असतील तर भाव शंभराचा पडला. तेच दोन सुटे प्रत्येकी ४९ला मिळत असतील तर बंडल दुप्पट महाग. उरलेले बारा फुकट आलेत असं समजू नका; ते मेनूत गर्दी करतात, प्रत्येक अपडेटला डाउनलोड होतात आणि ऐन मिक्समध्ये 'हाही लावून पाहू' म्हणून अर्धा तास खातात.

आणखी एक वाट पाहून ठेवावी: छोटी आवृत्ती आधी, मोठी नंतर. काही कंपन्या एलिमेंट्स किंवा तत्सम नावाची छोटी आवृत्ती अगदी स्वस्तात, कधी दुसऱ्या खरेदीबरोबर फुकट देतात, आणि ती तुमच्या खात्यात आली की मोठ्या आवृत्तीची अपग्रेड किंमत बरीच खाली येते. ही किंमत लॉगइन केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून कोणत्याही कंपनीच्या साइटवर किंमत पाहताना आधी आपल्या खात्यात शिरा. मात्र दुरुस्तीच्या संचात छोट्या आणि मोठ्या आवृत्तीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. स्पेक्ट्रमवर थेट खाडाखोड करायची सोय हवी म्हणून घेत असाल तर ती नेमकी कोणत्या आवृत्तीत आहे हे तुलनेच्या तक्त्यात पाहून घ्या.

डेमो: कधी सुरू करायचा आणि कसा तपासायचा

डेमो सहसा एकदाच मिळतो. फॅबफिल्टर आणि साउंडटॉइज ३० दिवस देतात, प्लगिन अलायन्स १४, वेव्ज ७. यादी तयार झाली त्याच दिवशी सगळे डेमो सुरू केले तर ऐन सेलमध्ये संपलेले असतील. ३० दिवसांचे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ७ दिवसांचे ब्लॅक फ्रायडेच्या आधीच्या शनिवारी, असं गणित मांडा. एका वेळी दोनपेक्षा जास्त डेमो नकोत.

इन्स्टॉल करण्याआधी चालू कामाचा प्रोजेक्ट बाजूला सुरक्षित ठेवा आणि चाचणीसाठी वेगळ्या नावाने प्रत काढा. मग क्रम असा:

१. ज्या मिक्समध्ये तक्रार होती तोच उघडा. सर्वांत मोठ्या आवाजाचे ३० सेकंद आणि सर्वांत हळू ३० सेकंद निवडा.

२. पातळी तपासा. ॲनालॉग यंत्रांच्या नकला साधारणपणे −१८ डीबीएफएस (डिजिटल पातळी) म्हणजे शून्य व्हीयू (ॲनालॉग मीटरची नेहमीची पातळी) असं धरून बनवलेल्या असतात. −३ वर टोकं जाणारा गायनाचा ट्रॅक सरळ त्यात घातला तर तो करपतो, आणि 'फार खरखरीत आहे' असं वाटतं. आधी गेन उतरवून सरासरी −१८च्या आसपास आणा.

३. घड्याळ लावून दहा मिनिटं. प्रीसेटला हात न लावता, तक्रारीचं वाक्य समोर ठेवून सेटिंग करा. मग ऑडिओ फाइल काढा, म्हणजेच बाउन्स करा.

४. आता पुन्हा दहा मिनिटं, तीच तक्रार, पण फक्त डीएडब्ल्यूमधल्या आणि फुकट प्लगिननी. बाउन्स करा.

५. दोन्ही फाइल्स नव्या प्रोजेक्टमध्ये आणा आणि लाउडनेस मीटरने त्याच ३० सेकंदांवर मोजून ०.२ डेसिबलच्या आत जुळवा.

पाचवी पायरी गाळली की बाकीची सगळी मेहनत वाया. अर्धा डेसिबल मोठा आवाज 'मोठा' वाटत नाही. तो 'भरीव', 'उबदार', 'समोर आलेला' वाटतो. आणि पुष्कळ प्लगिन नुसते लावल्या लावल्या, एकही नॉब न हलवता, तेवढी पातळी वाढवतात. बायपास दाबून बंद-चालू करत ऐकणाऱ्याला तोच विकला जातो.

मग फाइल्सची नावं बदलून घरातल्या कोणाला तरी त्या कोणत्याही क्रमाने वाजवायला सांगा. दहा वेळा. दहापैकी नऊ वेळा विकतचा कोणता हे तुम्ही ओळखलंत आणि तोच आवडला, तर फरक खरा आहे. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. सहा-सात आले तर यादीतून नाव खोडा. हेडफोनवर एकदा, मोबाइलच्या स्पीकरवर एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी एकदा ऐकलं की पुरे.

एका प्रकाराची चाचणी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या भाषेशी बांधलेली आहे: 'स', 'श'ची टोचणारी धार कमी करणारा डी-एसर. या प्लगिनचे नमुने बहुतेक इंग्रजी गाण्यांवर दाखवलेले असतात. मराठीत 'स' आणि 'श' आहेतच, त्यावर 'चाक', 'चूल', 'चांदणं', 'चोर' यातला दंततालव्य 'च' आहे, 'जास्त' आणि 'झाड' यातले 'ज', 'झ' आहेत. त्या 'च'मध्ये आधी क्षणभर रोध आणि मग 'स'सारखा फूत्कार येतो, फारच थोड्या वेळाचा. ज्या डी-एसरचा अटॅक (काम सुरू करायचा वेग) संथ आहे तो 'स' पकडतो, पण 'चांदणं'मधला 'च' निसटून जातो. आणि 'श'ची ऊर्जा 'स'पेक्षा खाली असते. ७ किलोहर्ट्झवर अरुंद बँड ठेवला तर 'स' मऊ होतो आणि 'श' तसाच टोचत राहतो. म्हणून लोक थ्रेशोल्ड आणखी खाली आणतात आणि शेवटी गायिका बोबडी वाटायला लागते.

तेव्हा चाचणीसाठी एक ओळ स्वतःच रेकॉर्ड करा: 'चुलीशेजारी साचलेल्या चांदण्यात शेवटचं झाड जास्तच सुंदर दिसतं.' अर्थाकडे लक्ष देऊ नका, आवाज सगळे त्यात आहेत. डी-एसर लावा, फक्त काढून टाकलेला आवाज ऐकवणारं बटण असेल तर ते दाबा. त्यात 'स', 'श', 'च' तिन्ही साधारण सारख्या जोरात ऐकू आले पाहिजेत आणि स्वरांचा गंधही येता कामा नये. स्वर ऐकू आला तर तो प्लगिन शब्दाचा उजेड खातो आहे. असं बटण नसेल तर मूळ ट्रॅकची डी-एसर नसलेली प्रत काढून तिची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. उरेल तो काढलेला भाग.

पोलॅरिटी उलटवायची हीच युक्ती ईक्यूंनाही लावता येते. फक्त दोन ईक्यूंमध्ये तेच आकडे टाकून भागत नाही, कारण क्यू (बँडची रुंदी) मोजायची पद्धत प्रत्येकाची निराळी. आकडे सोडा, आलेखातल्या रेषा जुळवा.

आवाज पास झाला की मशीनवरचा भार. तोच प्लगिन दहा ट्रॅकवर लावा, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तितके सॅम्पल) २५६ ठेवा, ओव्हरसॅम्पलिंग (आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करायची सोय) असेल तर ते चालू करून आणि बंद करून सीपीयूचा काटा पाहा. आणि लेटन्सी, म्हणजे आवाज बाहेर यायला लागणारा उशीर: लिनियर फेज ईक्यू किंवा रेझोनन्स दाबणारे प्लगिन कधी कधी ४०९६ सॅम्पल मागे पडतात. ४८ किलोहर्ट्झवर ते ८५ मिलिसेकंद होतात. मिक्सला चालतं, पण तो प्लगिन चालू ठेवून गायकाला हेडफोन दिला तर तालात गाणं अशक्य. जुन्या नकलांमध्ये 'ॲनालॉग' नावाचं बटण असतं आणि ते बहुधा आधीच चालू असतं. त्यातून हिस (बारीक सततची सरसर) आणि हम येतो. एका ट्रॅकवर ऐकू येत नाही. वीस ट्रॅकवर तो साधारण १३ डेसिबल वाढतो आणि आलापाच्या शांततेत वर येतो. बंद करून ऐका.

लायसन्सचे कागद

इथे फसगत झाली तर ती दोन-तीन वर्षांनी कळते.

फॉरमॅट आधी. प्रो टूल्सला एएएक्स लागतो, लॉजिकला ऑडिओ युनिट, क्यूबेसला व्हीएसटी३. जुन्या, स्वस्तात निघालेल्या प्लगिनमध्ये एखादा फॉरमॅट नसू शकतो. मॅकवाल्यांनी ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या चिपवर) तो थेट चालतो की रोझेटातून (जुने प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या सोयीतून), हे पाहावं.

मग कुलूप. काही कंपन्या नुसता सीरियल नंबर देतात, काही स्वतःचं ॲप लावतात, बऱ्याच आयलॉक (लायसन्स तपासणारी वेगळी सेवा) वापरतात. आयलॉकचे तीन प्रकार आहेत: यूएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखी किल्ली), थेट संगणकावर आणि क्लाउड. क्लाउडला इंटरनेट सतत लागतं. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे नेट दुपारी तास-दोन तास जातं, तिथे क्लाउडवर विसंबू नका. प्लगिनच्या पानावर तिन्हीपैकी काय चालतं हे लिहिलेलं असतं. फक्त डोंगल चालत असेल तर डोंगलची किंमतही हिशेबात धरा.

अपडेट. वेव्जचा प्लगिन घेतला की वर्षभराचा अपडेट प्लॅन मिळतो. त्यानंतर प्लगिन चालत राहतो, पण पुढची आवृत्ती हवी तर प्लॅन पैसे भरून नवा करावा लागतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की ती गरज उभी राहते. ३० डॉलरच्या प्लगिनवर चार वर्षांत एकदा जरी हा खर्च आला तरी मूळ किंमत बदलते. याच कंपनीने मार्च २०२३मध्ये कायमची विक्री थांबवून फक्त वर्गणीवर जायचं जाहीर केलं, आणि वापरणारे चिडल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. म्हणून वर्गणी असलेल्या कोणत्याही ठिकाणी जुने प्रोजेक्ट वर्गणी संपल्यावर कसे उघडतील, हा प्रश्न आधी विचारा. वर्गणीवरचे प्लगिन वापरत असाल तर काम संपताच प्रत्येक ट्रॅक ऑडिओत छापून ठेवा.

नवी आवृत्ती जवळ आली आहे का, तेही पाहा. फॅबफिल्टरचा प्रो-क्यू ३ हा २०१८चा, आणि प्रो-क्यू ४ आला डिसेंबर २०२४मध्ये, म्हणजे त्या वर्षीचा ब्लॅक फ्रायडे उलटल्यावर. जुन्या आवृत्तीला पाच-सहा वर्षं झाली असतील तर कंपनीला सरळ मेल टाका: नुकतीच खरेदी करणाऱ्यांना नवी आवृत्ती फुकट मिळते का, आणि किती दिवसांच्या आतली खरेदी धरता?

शेवटी, पुन्हा विकता येतं का. काही कंपन्या लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही त्यासाठी शुल्क घेतात, आणि फुकट किंवा भेट म्हणून आलेल्यांवर बहुधा 'पुनर्विक्री नाही' असा शिक्का असतो.

रुपयांत नेमके किती

पानावर ४९ डॉलर लिहिलेले असतात. हिशेबापुरता डॉलर ९० रुपये धरू: ४,४१० रुपये. पण परदेशी विक्रेत्याने भारतातल्या वैयक्तिक ग्राहकाला डिजिटल वस्तू विकली तर १८ टक्के आयजीएसटी लागतो, आणि अनेक दुकानं तो शेवटच्या पायरीवर, पत्ता टाकल्यानंतर दाखवतात. म्हणजे ५७.८२ डॉलर, ५,२०४ रुपये. वर कार्डाचं फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनावरचं बँकेचं शुल्क). साडेतीन टक्के धरलं तर १८२ रुपये, त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ३३ रुपये. एकूण जवळजवळ ५,४२०. पानावरच्या आकड्यापेक्षा हजार रुपये जास्त. म्हणून दोन दुकानांची तुलना पहिल्या पानावर न करता पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर करा. ज्यांचा जीएसटी नंबर आहे त्यांनी तो टाकायची सोय आहे का हे पाहावं आणि रिव्हर्स चार्जबद्दल (विक्रेत्याऐवजी ग्राहकाने कर भरायच्या पद्धतीबद्दल) आपल्या सीएंना विचारावं.

दुकान 'रुपयांत पैसे भरा' असा पर्याय देत असेल तर त्यांचा दर आणि तुमच्या बँकेचा दर ताडून पाहा. दुकानाचा दर बहुधा महाग पडतो. आणि कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते आठवडाभर आधी तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर ही सोय बंद असते, ती बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावी लागते, आणि मर्यादाही तिथेच ठरवावी लागते. सेल संपायला दहा मिनिटं असताना हे लक्षात येणं फार त्रासाचं असतं.

सेलच्या आठवड्यात

वेळ भारतीय घड्याळात मांडून ठेवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी दीड, पूर्व किनाऱ्यावरची सकाळी साडेदहा, लंडनची पहाटे साडेपाच. 'आज रात्री संपतो' असं लिहिलं असेल तर कोणाची रात्र हे शोधा.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक रक्कम लिहा, रुपयांत, सगळे कर धरून: याच्या वर गेलं तर घ्यायचं नाही. सेलच्या काळात यादीत नवं नाव घालायचं नाही. अगदीच मोह झाला तर त्याचा डेमो सुरू करा; डेमोचे दिवस संपेपर्यंत तो कामात खरोखर चार वेळा लागला तर पुढच्या सेलला पाहा. तीच किंमत पुन्हा येते.

दुकान आणि कंपनी दोन्हीकडे पाहा. प्लगिन बुटीकसारखी दुकानं खरेदीबरोबर दर महिन्याला वेगळा प्लगिन भेट देतात आणि पुढच्या खरेदीसाठी थोडे पैसे खात्यात जमा करतात. किंमत सारखी असेल तर दुकान बरं. अपग्रेड किंवा जुन्या ग्राहकाची किंमत हवी असेल तर कंपनीच.

घेतल्यावर त्याच दिवशी तीन कामं करा. कंपनीच्या खात्यात लायसन्स नोंदवा आणि सीरियलचा मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. इन्स्टॉलर बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवा. पाच वर्षांनी तीच आवृत्ती साइटवर मिळेल याची खात्री नसते. आणि इन्स्टॉल करताना फक्त तुमच्या डीएडब्ल्यूला लागणारा फॉरमॅट निवडा, नाहीतर तोच प्लगिन मेनूत दोनदा-तीनदा दिसतो आणि जुने प्रोजेक्ट उघडताना चुकीचा धरला जातो. डिलिव्हरी दोन दिवसांवर असलेल्या कामाच्या मशीनवर काहीही नवं घालू नका.

मार्चमध्ये यादी पुन्हा काढा. ज्या तक्रारीसाठी प्लगिन घेतला होता, त्या वाक्यापुढे गेल्या तीन महिन्यांत तो किती मिक्समध्ये लागला ते लिहा. एकाही मिक्समध्ये लागला नसेल आणि लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करता येत असेल, तर नवी आवृत्ती येऊन भाव पडण्याआधी विकून टाका.